लाल म्हणजे या

सेऊल, ३ नोव्हेंबर १९८६

आत्या,

दुरूनच वाकून नमस्कार करतो. जवळ आलो असतो तर आधी पाठीत धपाटा बसला असता आणि मग विचारपूस झाली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. दोन वर्षांत पत्र नाही, आणि आज लिहितोय तेही प्रेम उतू गेलंय म्हणून नव्हे. काम आहे.

हान्ने स्टेशनावरच्या धडकेबद्दल तुला मी सांगायची गरज नाही. रेडिओवर बातमी यायच्या आधी तुझ्या खानावळीतल्या वाट्या हलल्या असतील. मुक्गोलहून कोळसा भरून निघालेली मालगाडी उतारावरून आली आणि हान्नेला उभ्या असलेल्या रिकाम्या वाघिणींवर, म्हणजे मालडब्यांवर, मागून आदळली. ड्रायव्हर ओम थेबोंग जागच्या जागी गेला. खात्याने चौकशी समिती नेमली आहे आणि तिचा सचिव म्हणून तुझ्या या भाच्याची वर्णी लागली आहे. अध्यक्ष आहेत बांग साहेब. म्हणतात, त्या रेल्वेमार्गाचा कोपरा न् कोपरा त्यांना ठाऊक आहे.

चौकशीची तयारी उत्तम झाली आहे. निष्कर्ष टाइप करून तयार आहे. आता फक्त चौकशी तेवढी राहिली. निष्कर्ष असा की ड्रायव्हरने लाल सिग्नल बेपर्वाईने ओलांडला. बांग साहेब म्हणाले, "मेलेला ड्रायव्हर हा सगळ्यात समजूतदार आरोपी. अपील करत नाही, रजा मागत नाही." सगळे हसले. सचिव असल्यामुळे मीही हसलो.

हान्नेचा स्टेशनमास्तर, नामगुंग नावाचा गृहस्थ, त्या संध्याकाळपासून बेपत्ता आहे. साहेबांच्या मते तो लाजेने पळाला असावा आणि लाजाळू माणसाला शोधून काढणं सभ्यपणाचं नाही.

माझं डोकं मात्र एका जागी अडलंय. इतकी वर्षं याच उतारावर गाडी चालवणारा माणूस, स्वच्छ उन्हात, लाल दिवा समोर दिसत असताना ब्रेकला हातसुद्धा लावत नाही? साहेबांना यात दारू दिसते. तुझ्याकडे सगळे ड्रायव्हर जेवतात. जरा हळूच विचारून बघ, हा ओम प्यायचा का? डोळे कसे होते? फोन करू नकोस, एक्स्चेंजमधली बाई आपल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकते. घरच्या पत्त्यावर लिही.

तुझा,
ग्युसोक


मुक्गोल, ९ नोव्हेंबर

ग्युसोक साहेब,

कामासाठी का होईना, आत्या जिवंत आहे याची खात्याला दखल घ्यावी लागली, भरून पावले.

थेबोंगच्या दारूचं विचारतोस. एक पेला तांदळाची दारू घेतली की कानापर्यंत लाल व्हायचा आणि भिंतीला टेकून घोरायचा. बाकीचे त्याच्या पेल्यातली उरलेली पिऊन टाकायचे. असा दारुडा तुझ्या साहेबांना सापडला तर सांभाळून ठेवा म्हणावं, फार स्वस्त पडतो. आणि डोळे? दारातून आत पाऊल टाकायच्या आधी कोणाच्या ताटात डुकराच्या मांसाचा मोठा तुकडा पडलाय ते त्याला दिसायचं. मोजून भांडायचा माझ्याशी. तू लहानपणी भांडायचास तसा.

त्याची बायको सुनए गेल्या वसंत ऋतूपासून माझ्याकडे कामाला आहे. तिला रेल्वेच्या चाळीतली खोली सोडायची नोटीस आलीय. नवरा गुन्हेगार ठरायचा अजून बाकी आहे, पण खोली मात्र आधीच गुन्हेगार ठरली. तिच्या मुलीला शाळेत पोरं 'धडकवाल्याची' म्हणतात. सुनए रडत नाही. हिवाळ्याच्या किमचीचे, लोणच्याचे, मुळे समोर घेऊन बसते आणि असा सुरा चालवते की बाजूला बसायला मला भीती वाटते.

कामं वाढली म्हणून भांडी घासायला मी एक माणूस ठेवलाय. अगदी हिरा आहे. मुळा चिरायला दिला तर एक फोड बोटाएवढी, एक मनगटाएवढी. खानावळीतला फोन वाजला की हातातली ताटली सोडून देतो. अशाने हिवाळा संपेपर्यंत मी लोकांना पानावर वाढीन.

आणि त्या लाल सिग्नलचं. तुझ्या समितीला माझ्याकडून एक आमंत्रण दे. हान्नेचा सिग्नल जुलैच्या पुरानंतर एकदा तरी हिरवा झालेला पाहिला असेल असा माणूस मुक्गोलमध्ये शोधून आणा. त्याला मी जन्मभर फुकट जेवू घालीन.

इथे येणार असशील तर गरम कपडे घालून ये. इंजिनियर झालास तरी तुझी छाती लहानपणीसारखीच अधू असणार.

आत्या


सेऊल, १९ नोव्हेंबर

आत्या,

येऊन गेलो ते तू पाहिलंसच. समितीबरोबर होतो म्हणून तुझ्याशी चार शब्द बोलता आले नाहीत. साहेबांसमोर तू मला 'नाकातला शेंबूड पूस' म्हणालीस तेवढं संभाषण मात्र समितीच्या चांगलं लक्षात राहिलंय.

हान्नेचा सिग्नल तपासला. इतका निरोगी सिग्नल मी आयुष्यात पाहिला नाही. लाल म्हटलं की लाल, हिरवा म्हटलं की हिरवा. खांबाला मी हात लावला तर बोटाला रंग लागला. केबलच्या चराची माती इतकी भुसभुशीत होती की प्राध्यापकांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. (समितीत एक म्हातारे प्राध्यापक आहेत. त्यांना ऐकू कमी येतं आणि झोप जास्त.) मी विचारलं, "इथे नुकतंच खणलंय का?" बांग साहेब म्हणाले, "उंदीर असतील." या भागातले उंदीर फावडं वापरतात हे मला माहीत नव्हतं.

ड्रायव्हरांना ओळीत उभं केलं होतं. साहेबांनी विचारलं, "लाल दिव्याचा अर्थ काय?" सगळे शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात "थांबा!" झाली चौकशी. मग मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, पुरानंतर सिग्नल बिघडला होता का? कोणाला आठवत नाही. कोणाचा कान दुखत होता. मेंग नावाचा म्हातारा ड्रायव्हर तेवढा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाला, "तुम्ही मालन्योबाईंचे भाचे ना? अंगात थोडं तरी तिच्यातलं असेल असं वाटलं होतं."

तुझं फुकट जेवणाचं आमंत्रण मी समितीपुढे मांडलं नाही. सिग्नल बिघडलेला होता हे मलाही वाटतं, पण वाटणं हा पुरावा नव्हे. दुरुस्त झालेल्या सिग्नलला कोर्टात उभं करून 'खरं सांग' म्हणता येत नाही.

आता घरचं. आत्या, मी आंधळा नाही. तुझा तो भांडी घासणारा मी पाहिला. उंच, वाकलेला, मऊ हातांचा, चाळीस-पन्नाशीचा गृहस्थ. मला सूप वाढताना त्याने निम्मं माझ्या बाहीवर ओतलं. तू त्याच्यावर ओरडतेस आणि मग त्याच्या भातावर गुपचूप अंडं अवतरतं. तुझं वय अठ्ठावन्न, आतोबांना जाऊनही बरीच वर्षं झाली. तू घरात कोणाला ठेवावंस यासाठी मी समिती नेमणार नाही. पण ठेवायचाच होता तर जरा कामाचा तरी ठेवायचास. सूपही अळणी होतं.

जाहीर सुनावणी दहा डिसेंबरला तुमच्या खाणकामगार सभागृहात आहे. अर्ध्या तासाचा उपचार. मग सह्या.

ग्युसोक


मुक्गोल, २४ नोव्हेंबर

मेल्या,

हे पत्र किमचीच्या बरणीखाली गुंडाळून ट्रकवाल्याच्या हाती पाठवतेय. वाचलंस की चुलीत घाल. किमची घालू नकोस.

माझं लग्न लावायला निघालास! ज्याने तुझ्या बाहीवर सूप सांडलं तो हान्नेचा स्टेशनमास्तर नामगुंग. तुमच्या अख्ख्या समितीने त्याच्या हातचं जेवून ढेकर दिले, तू मीठ कमी म्हणालास, आणि मग सगळे मिळून 'मास्तर बेपत्ता' असं लिहून गाडीत बसलात. धन्य ती चौकशी. बांगने तोंड वर करून पाहिलं असतं तर ओळखलं असतं त्याला. पण वाढणाऱ्याच्या तोंडाकडे साहेबलोक कधी बघतात? त्याच भरवशावर मी त्याला पुढे केला होता. तुला काही उमगतं का ते बघायचं होतं. तुला काय उमगलं? माझी लफडी!

आता नीट वाच.

थेबोंगला पुरल्यावर सुनए एकटीच हान्नेला गेली होती, जागा बघायला. परतताना पुलाखाली ओढ्याच्या काठी हा बसलेला दिसला. कोट घडी करून दगडावर ठेवलेला, शेजारी बूट जोडीने मांडलेले. तिला काय ते समजलं. तिने त्याचे बूट उचलले आणि चालू लागली. माणसाची गंमत बघ, जीव द्यायला बसलेला, पण बूट चालले म्हटल्यावर उठला. "अहो बाई, माझे बूट!" करत कोळशाच्या चिखलातून अनवाणी तिच्यामागे थेट माझ्या दारापर्यंत. दारात ती वळली आणि म्हणाली, "मरायचं असेल तर खुशाल मरा, मास्तर. पण आधी साक्ष द्या. मग मी बूट परत करते."

तेव्हापासून तो माझ्या रबरी सपाता घालून भांडी घासतोय. बूट सुनएने कुठे ठेवलेत ते मलाही माहीत नाही.

त्याने सांगितलं ते असं. पुरात केबलमध्ये पाणी शिरलं आणि सिग्नल लालवर अडकला. दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवावा लागला असता. तेव्हाचा विभागप्रमुख स्वतः हान्नेला आला, मास्तरच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "सेऊलच्या लोकांनी थंडीत काय तुमचा सिग्नल जाळायचा? कोळसा थांबणार नाही. दुरुस्ती वसंतात." मग रीत पडली. दिवा कायम लाल. गाडी घ्यायची असली की मास्तर फलाटाच्या टोकाला हिरवा बावटा घेऊन उभा राहायचा. बावटा वळणापलीकडून दिसत नाही, म्हणून ड्रायव्हर लाल दिवा ओलांडून पुढे यायचे आणि मग बावटा बघायचे. पहिले काही दिवस घाबरत, पुढे गाणी म्हणत. 'लाल म्हणजे या' असंच म्हणायचे सगळे. सहायक ड्रायव्हर असतो तो सांभाळतो म्हणे, पण थेबोंगचा सहायक काढून दुसऱ्या गाडीवर दिला होता. माणसं कमी, कोळसा जास्त.

त्या दिवशी हान्ने तुडुंब भरलेलं. बाजूचे रूळ भरले म्हणून रिकाम्या वाघिणी मुख्य रुळावर उभ्या होत्या. वेळापत्रकात नसलेली एक जादा गाडी, थेबोंगची, वरून सोडून दिली. मास्तर फोनवर ओरडतोय की जागा नाही, पाठवू नका, आणि पलीकडचा सांगतोय की ती केव्हाच निघाली. थेबोंगने नेहमीप्रमाणे लाल पाहिला आणि नेहमीप्रमाणे आला. बावटा नाही हे कळेपर्यंत समोर वाघिणी. इतक्या महिन्यांत त्या दिव्याने पहिल्यांदाच खरं सांगितलं होतं.

संध्याकाळच्या आत मास्तरसमोर जबाब आला, फक्त सही करायची. 'सिग्नल ठीक होता, ड्रायव्हरने मानला नाही.' सही केली तर समुद्रकाठच्या स्टेशनावर बदली, नाही केली तर तुरुंग. याला हो म्हणता येईना आणि नाहीही म्हणता येईना, म्हणून पळाला.

सुनए त्याच्याशी बोलत नाही. वाटी त्याच्यासमोर अशी आपटते की झाकण उडतं. मी विचारलं, "एवढा राग आहे तर जेवायला कशाला घालतेस?" म्हणाली, "साक्षीला जिवंत नको का?"

आणि तो विभागप्रमुख कोण हे विचारलं नाहीस. तुमच्या खात्याला माणसांची फार टंचाई दिसते. तोच बांग. त्या मार्गाचा कोपरा न् कोपरा जाणणारा.

आता तू काय ते ठरव. अंडं त्याच्या भातावर मी ठेवत नाही, सुनए ठेवते, माझी पाठ वळली की. तेवढं दुरुस्त करून घे.

आत्या


सेऊल, ३० नोव्हेंबर

आत्या,

पत्र जाळलं. किमची संपली.

तीन दिवस ऑफिसात मी अत्यंत कार्यक्षमतेने काहीही केलं नाही. मास्तरचं नाव साहेबांना सांगितलं तर सुनावणीआधी पोलीस त्याला उचलतील आणि तो समुद्रकाठापेक्षा फार लांब जाईल. सांगितलं नाही आणि सहीसाठी कागद पुढे सरकवला, तर वसंतात मी विभाग-अधिकारी. खोलीला खिडकी आहे म्हणे. मी कितीतरी वर्षं खिडकीची वाट पाहतोय.

होंगजूला सगळं सांगितलं. तुला वाटेल बायको म्हटल्यावर रडेल, पोटातल्या बाळाची शपथ घालेल. तिने बरणी पुसून कोरडी केली आणि म्हणाली, "बढती घ्या की. पण पुढच्या वर्षी ही बरणी भरून आणायला तुम्हीच जा आत्याकडे. मी काही तोंड दाखवायला येणार नाही." ती दिवसेंदिवस तुझ्यासारखी होत चाललीय. मी चोहोबाजूंनी वेढला गेलोय.

तर काय केलं ते ऐक. जाहीर सुनावणीची सूचना संबंधितांना दिसेल अशी लावावी, असा नियम आहे. आजवर ती सचिवाच्या टेबलाच्या आतल्या बाजूला लावत आलेत. मी ती हान्नेपासून वरपर्यंतच्या प्रत्येक ड्रायव्हर-विश्रांतीगृहात पाठवली, रेल्वेच्याच डाकेने, शिक्क्यासह. दुसरं, समितीच्या जेवणाचं काम तुझ्या खानावळीला दिलंय. सूप गरम हवं, म्हणून वाढायला माणूस सभागृहातच उभा ठेवायचा आहे. मीठ घाला.

मी मात्र नसेन. काल साहेबांनी बोलावून सांगितलं की त्या दिवशी मी सेऊलमध्येच थांबायचं. जानेवारीत सगळीकडे 'सुरक्षा मास' पाळायचा आहे, त्याच्या भित्तिपत्रकांची मुद्रितं तपासायची आहेत. 'लाल दिसता थांबा, घरी सुखे नांदा.' त्यांना काही कळलंय की नुसता वास आलाय, सांगता येत नाही. माझी तब्येत बरी दिसत नाही असंही म्हणाले. तेवढं खरं होतं.

मास्तर आयत्या वेळी कचरला तर? मला इथे बसून तेवढीच काळजी आहे. तेवढीच म्हणजे दुसरी कुठलीच नाही असं समजू नकोस.

ग्युसोक


मुक्गोल, ११ डिसेंबर

ग्युसोक,

बस. पाणी पी. मग वाच.

सभागृह पाहून बांगच्या कपाळावरची शीरच उडाली. समितीसाठी मांडलेल्या खुर्च्या सोडून बाकी सगळीकडे ड्रायव्हर. भिंतीला टेकून, खिडकीत, व्यासपीठाच्या पायरीवर. मागे पाळी संपवून तसेच काळे आलेले खाणकामगार. बांगने आपल्या माणसाला विचारलं, "यांना कोणी बोलावलं?" तो म्हणाला, "साहेब, आपणच. सूचनेवर आपला शिक्का आहे."

आम्ही पातेली घेऊन बाजूच्या दाराशी. मास्तर माझा एप्रन बांधून, डोक्याला फडकं गुंडाळून, हातात सुपाचं भांडं. तोंड पिठासारखं पांढरं. खाली पाहिलं तर पायात बूट. सुनएने निघताना आणून ठेवले होते, चकाकतील असे पुसून. मी म्हटलं, "अगं, साक्षीआधीच दिलेस?" ती म्हणाली, "सपाता घालून कोणी साक्ष देतं का?"

बांगने अहवाल वाचला. थेबोंगचं नाव दर ओळीत. बेपर्वा, बेजबाबदार, बेफिकीर. 'बे'ने सुरू होणारं काही शिल्लक ठेवलं नाही. सुनए पहिल्या रांगेमागे उभी होती, मुलीला मुद्दाम बरोबर आणलेली. शेवटी साहेबांना जोर चढला. हात वर करून म्हणाले, "मी विचारतो, डोकं ठिकाणावर असलेला कोणता ड्रायव्हर लाल दिवा ओलांडेल? कोणता?"

सगळ्यांच्या माना खाली. माझ्या मनात आलं, झालं, संपलं. तेवढ्यात भांडं टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मास्तर बांगच्या अगदी समोर उभा. म्हणाला, "मी बोलावलं तर ओलांडेल. मी रोज बोलवत होतो."

"हा कोण भांडीवाला?"

त्याने फडकं काढलं. "हान्नेचा मास्तर, साहेब. जुलैत तुम्ही माझ्या खुर्चीत बसला होता." आणि मग तो बोलत गेला. बोलला सगळं, स्वतःचं धरून. मी फोनवर होतो, लाल बावटा घेऊन बाहेर धावायला हवं होतं, मी धावलो नाही, असंही.

बांगही कच्चा नाही. शांतपणे म्हणाला, "पळून गेलेल्या एकट्या माणसाचा शब्द. स्वतःची कातडी वाचवायला निघालाय. आणखी कोण म्हणतं असं?"

म्हातारा मेंग उभा राहिला. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश. "मी म्हणतो. धडकेच्या आदल्या दिवशी मी ओलांडला, साहेब. लाल होता."

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय कबूल करताय? नोकरी जाईल!"

"त्याच्या आदल्या दिवशीही ओलांडला," मेंग म्हणाला.

खिडकीतला एक म्हणाला, "मीही." मग पायरीवरचा. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज सुरू झाले, ग्युसोक, आणि थांबेचनात. बसलेला कोणी उरला नाही. बांग ओरडला, "खाली बसा! काय चाललंय हे?" मागून कोणीतरी म्हणालं, "तुम्हीच विचारलंत, कोणता ड्रायव्हर."

मग बांगने शेवटचा डाव टाकला. म्हणाला, सचिव हजर नाहीत, त्यामुळे यातलं काहीच नोंदवता येणार नाही. तुला सेऊलमध्ये ठेवल्याचा केवढा उपयोग! पण तुमचे ते झोपाळू प्राध्यापक जागे होते. भांडं आपटल्यावर जागे झाले असावेत. खिशातून पेन काढून म्हणाले, "मी नोंदवतो. फक्त मला ऐकू कमी येतं, तेव्हा प्रत्येकाने जवळ येऊन, नाव सांगून, मोठ्याने बोला." ड्रायव्हरांची रांग लागली. अर्ध्या तासाची सुनावणी अंधार पडेस्तोवर चालली. सूप गार झालं. पातेलंभर मीठ वाया.

मास्तरला पोलीस घेऊन गेले. जाताना तो सुनएसमोर थांबला, काहीतरी बोलायचं होतं. तिने मान फिरवली. तिच्या मुलीने मात्र वाकून नमस्कार केला, शाळेत मास्तरांना करतात तसा.

आत्या


सेऊल, २२ जानेवारी १९८७

आत्या,

अंतिम अहवाल आला. अपघाताचं मूळ कारण सापडलं: ओलावा. जुलैच्या पुरातून केबलमध्ये शिरलेला ओलावा. ओलाव्याला निलंबित करता येत नसल्याने पुढील कारवाई नाही. बांग साहेबांना बढती मिळाली. ते आता अख्ख्या खात्याच्या सुरक्षेचे प्रमुख आहेत, आणि सुरक्षेला त्यांच्याइतकं जवळून टाळलेला माणूस दुसरा नाही, तेव्हा निवड योग्यच म्हणायची. मास्तरला नोकरीतून काढलं. शिक्षा झाली ती कोर्टाने स्थगित ठेवली. प्राध्यापकांनी त्याच्यासाठी न्यायाधीशांना भेटून बराच आरडाओरडा केला, असं ऐकतो. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज मोठाच असतो.

माझी बदली दक्षिणेच्या टोकाला, हरवलेल्या सामानाच्या विभागात. छत्र्या बऱ्याच आहेत म्हणे. खोलीला खिडकी आहे का ते कळवलेलं नाही.

आणि अहवालाच्या जवळजवळ शेवटी, बारीक अक्षरात, एक वाक्य आहे: 'ड्रायव्हर ओम थेबोंग यांची कोणतीही चूक आढळली नाही.' ते वाक्य त्यांनी दोनदा खोडलं. प्राध्यापकांनी दोनदा परत घातलं. तिसऱ्यांदा टाइप मी केलं, या ऑफिसातलं माझं शेवटचं काम म्हणून, आणि प्रती छापखान्यात गेल्यावरच खुर्चीतून उठलो. सुनएबाईंना प्रत पाठवतोय. खोलीची नोटीस रद्द झाल्याचा कागदही सोबत आहे.

अभिनंदन करू नकोस. कोणाला काही झालं नाही, कळतंय ना तुला? एक माणूस मेला आणि ओलावा दोषी ठरला. याला जिंकणं म्हणायचं असेल तर मला हरलेलंच बरं वाटतं.

बाळ एप्रिलमध्ये. होंगजू तुझ्या बरणीबद्दल विचारत होती.

ग्युसोक


मुक्गोल, १५ फेब्रुवारी

बाळा,

छत्र्यांची नीट काळजी घे. खात्यात एवढी एकच निरुपद्रवी वस्तू उरली असेल.

कोणाला काही झालं नाही म्हणतोस. सेऊलमध्ये जानेवारीत थंडी वाजली का? वाजली असणार. तुझ्या बांगच्या सुरक्षा मासाची भित्तिपत्रकं इथे प्रत्येक खांबावर लागली आणि ड्रायव्हरांनी ती मनापासून वाचली. तेव्हापासून लाल दिसला की गाडी उभी. हान्नेचा तेवढा दुरुस्त झाला होता, पण या मार्गावर असे अडकलेले आणखी बरेच सिग्नल निघाले. पूर्वी बावट्यावर भागायचं. आता ड्रायव्हर इंजिन थांबवतो, डबा उघडतो, भात खातो. विभागातून फोन येतो, "पुढे जा!" हे म्हणतात, "साहेब, लाल आहे. भित्तिपत्रकावर लिहिलंय." कोळशाचे ढीग इथे डोंगराएवढे झाले. कोणाला पकडायचं? नियम पाळला म्हणून? शेवटी माणसं आली, रेल्वेमार्ग बंद केला, भर थंडीत केबल घातल्या. वसंताची वाट बघायची गरज पडली नाही.

परवा मास्तर आला, निरोप घ्यायला. गावी भावाची सफरचंदाची बाग आहे, तिथे जाणार. मी डबा बांधून दिला. मी आणि सुनए स्टेशनावर सोडायला गेलो. म्हणजे मी गेले, सुनए म्हणाली मला मुळे आणायचेत, आणि बाजार सोडून स्टेशनावर आली.

गाडी लागली. तो पायरीवर चढला, परत उतरला, तिच्यासमोर येऊन कमरेत वाकला तो वाकूनच राहिला. लोक बघायला लागले.

सुनए म्हणाली, "उठा. मी माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही."

"नाही," तो म्हणाला. "करू नका."

गार्डने शिट्टी दिली. तो चढला. गाडी हलली तशी सुनए फलाटावरून तिच्याबरोबर चालायला लागली, आधी हळू, मग भरभर, पदर सावरावा तसा शालीचा शेव गळ्याशी घट्ट धरून. खिडकीजवळ पोचली आणि ओरडली,

"मास्तर! पोचलात की कळवा!"